तुरुंगाची भिंत आणि रोगराई



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावणे धाडले, तेव्हा विषय कोणता घेणार असे विचारले होते. आम्ही ‘तुरुंगातील आरोग्य’ असे कळविले. त्यावर त्यांच्यापैकी एक स्नेही हसून म्हणाले, “डॉक्टर, उन्हाळ्याच्या संध्याकाळी लोक आमरसाचे जेवण लांबणीवर टाकून इथे येणार, आणि तुम्ही त्यांना चोरांच्या खरजेवर व्याख्यान देणार काय?” त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. आज आम्ही खरजेवरही बोलणार आहोत. परंतु ती केवळ चोरांची नाही, आणि केवळ तुरुंगातली तर नाहीच नाही, एवढे आपल्याला पटले तर आमचे येणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.

आपणां मराठी माणसांच्या मनात तुरुंग म्हटला की काही थोर आठवणी जाग्या होतात. मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. अशा आठवणींमुळे तुरुंग ही एक प्रकारची तपोभूमी असावी असे आपल्याला नकळत वाटू लागते. दुसऱ्या बाजूला वर्तमानपत्रातील खून-दरोड्यांच्या बातम्या वाचून तेथे केवळ नराधम राहत असावेत असेही वाटते. आज ज्यांच्याविषयी बोलावयाचे आहे ती माणसे या दोहोंपैकी कोणीच नाहीत. ती ग्रंथ लिहिणार नाहीत, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांवर कसलाही गुन्हा अद्याप शाबीत झालेला नाही.

येथे दोनच आकडे सांगतो. २०२२ सालच्या अखेरीस भारतातील तुरुंगांत एकंदर ५,७३,२२० माणसे होती, आणि जागा होती ४,३६,२६६ माणसांची. म्हणजे शंभरांच्या जागेत एकशे एकतीस. यांतील दर चारांपैकी तीन जण कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून चालावयाचा आहे, किंवा चालू आहे, तो. यांतील कितीतरी जण जामीनदार मिळत नाही एवढ्याच कारणाने आत असतात. सरासरीचा आकडा नेहमीच फसवा असतो. काही तुरुंगांत जागा रिकामी असते, तर मोठ्या शहरांतील तुरुंगांत पथारीला पथारी लागलेली असते आणि कूस बदलावयाची तर शेजाऱ्याला उठवावे लागते.

आता प्रश्न असा की, या गर्दीशी आपला संबंध काय? याचे उत्तर इतिहासाने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे.

१५७७ साली इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे न्यायालयाचे सत्र भरले होते. तुरुंगातून कैदी आणून उभे केले गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत न्यायाधीश, शेरीफ, पंच आणि गावातील शेकडो लोक तापाने मरण पावले. पुढे १७५० साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात हाच प्रकार घडला. त्या वेळी खुद्द लंडनचे महापौर आणि दोन न्यायाधीश दगावले. या तापाला लोक ‘तुरुंगाचा ताप’ म्हणत. तो घाण वासातून येतो अशी त्या काळची समजूत होती, म्हणून न्यायाधीश सुवासिक वनस्पतींच्या जुड्या हाताशी ठेवून बसत. कैद्याने ज्याच्यापुढे हात जोडून उभे राहावयाचे तोच कैद्याच्या अंगावरच्या रोगाने मरावा, यापेक्षा स्पष्ट धडा दुसरा कोणता हवा होता? परंतु तो शिकावयास बराच काळ जावा लागला.

तो शिकविणारा गृहस्थ म्हणजे जॉन हॉवर्ड. हा कोणी डॉक्टर नव्हता. १७७३ साली तो बेडफर्डशायर परगण्याचा शेरीफ झाला. शेरीफ हे मानाचे पद असे. तुरुंगाकडे प्रत्यक्ष जाऊन बघण्याची तसदी सहसा कोणी घेत नसे. हॉवर्ड गेला. त्याला असे दिसून आले की, निर्दोष सुटलेली माणसेसुद्धा तुरुंगाधिकाऱ्याची फी देता येत नाही म्हणून पुन्हा आत डांबली जातात. मग तो गावोगावचे तुरुंग पाहत हिंडू लागला. त्याच्या कपड्यांना इतका दर्प येई की बंद घोडागाडीत बसणे त्याला असह्य होऊन तो घोड्यावरूनच प्रवास करी, आणि टिपणवही उघडण्यापूर्वी ती विस्तवापुढे धरावी लागे. १७७७ साली त्याने आपले पुस्तक छापले. फाशीने जितके कैदी मरतात त्याहून अधिक तुरुंगाच्या तापाने मरतात, असे त्याने त्यात लिहून ठेवले आहे. न्यायालयाने ज्याला चार महिन्यांची शिक्षा दिली त्याला तुरुंगाने मृत्यूची शिक्षा द्यावी, हा कुठला न्याय, असा त्याच्या सगळ्या खटाटोपाचा मथितार्थ होता.

१७७४ साली इंग्लंडात कैद्यांच्या आरोग्यासाठी कायदा झाला. त्यात काय होते? वर्षातून एकदा तरी भिंती खरवडून चुना लावा, खोल्यांत हवा खेळू द्या, आजाऱ्यांसाठी वेगळी खोली ठेवा, आंघोळीची सोय करा, वैद्य नेमा. श्रोतेहो, हा कायदा होऊन अडीचशे वर्षे झाली. यातील एकही गोष्ट महागडी नाही, आणि एकही गोष्ट आज जुनी झालेली नाही. हॉवर्ड स्वतः १७९० साली, आजच्या युक्रेनमधील खेर्सन येथे, तापाच्या रोग्यांची विचारपूस करता करता मरण पावला.

हा ताप म्हणजे टायफस. तो वासातून येत नाही, अंगावरच्या उवांमधून येतो, हे शार्ल निकोल या फ्रेंच वैद्याने १९०९ साली ट्युनिस येथे दाखवून दिले. त्याला ते कसे सुचले ही गोष्ट मोठी बोधप्रद आहे. इस्पितळाच्या दारापर्यंत रोगी इतरांना ताप देतो, परंतु आत आंघोळ घालून, कपडे बदलून निजविला की त्याच्यापासून कोणालाही ताप येत नाही, असे त्याच्या ध्यानात आले. दार आणि खाट यांच्यामध्ये काय घडते? साबण, पाणी आणि धुतलेले कपडे. या शोधाबद्दल निकोलला १९२८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आम्हांला तर असे वाटते की, प्रत्येक तुरुंगाच्या देवडीवर ही गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी.

आता आपल्या घराकडे वळू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईतच त्यावर लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना लस टोचण्यात आली. ज्यांनी टोचून घेतली त्यांच्यात लागण फार थोडी झाली, आणि ज्यांनी घेतली नाही त्यांच्यात रोग व मृत्यू दोन्ही अधिक झाले. एकाच भिंतीच्या आत, एकच अन्न खाणारी, एकाच हवेत निजणारी ही माणसे. त्यामुळे लशीचा गुण तेथे स्वच्छ दिसून आला. पुढे लक्षावधी लोकांनी ती लस घेतली. आपल्या पणजोबा-पणजींपैकी कोणी त्या लशीमुळे वाचले असेल, तर त्यांच्या जगण्यात भायखळ्याच्या त्या अनामिक कैद्यांचाही वाटा आहे.

परंतु येथे एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. कोंडलेल्या माणसाने दिलेली संमती कितपत खरी? नाही म्हटले तर साहेब रागावेल, होय म्हटले तर काही सवलत मिळेल, असे मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून कैद्यावर उपचार करताना दुप्पट सावध राहावे लागते. उपचार करावयाचा तो त्याच्या भल्यासाठी, त्याला नीट समजावून, आणि नकार देण्याची मुभा ठेवून. तुरुंगातला वैद्य हा शिक्षा देणाऱ्यांपैकी एक आहे असे कैद्याला वाटू लागले की तो आपला रोग लपवू लागतो. आणि लपविलेल्या रोगासारखा साथीचा दुसरा मित्र नाही.

कायद्याने आपल्याकडे काही कमी ठेवलेले नाही. १८९४ च्या तुरुंगविषयक कायद्यातच लिहिले गेले की, आत येणाऱ्या प्रत्येक कैद्याची वैद्यकीय तपासणी व्हावी, त्याच्या प्रकृतीची नोंद व्हावी, आणि प्रत्येक तुरुंगात रोग्यांसाठी इस्पितळ किंवा योग्य जागा असावी. गर्दी फार झाली अथवा साथ आली, तर कैद्यांची अन्यत्र तात्पुरती सोय करण्याचीही त्यात तरतूद होती. १९५५ साली जिनीव्हाच्या परिषदेत कैद्यांना कसे वागवावे याचे किमान नियम ठरले. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी ते सुधारून त्यांना नेल्सन मंडेला यांचे नाव दिले. त्यातील एक नियम असा की, बाहेरच्या समाजाला जी वैद्यकीय मदत मिळते त्याच दर्जाची मदत कैद्यालाही मिळावी, आणि क्षयासारख्या रोगांवरील उपचार आत-बाहेर अखंड चालू राहावेत. मंडेलांचे नाव येथे शोभून दिसते ते काही उगाच नव्हे. १९८८ साली ते तुरुंगात असतानाच त्यांना क्षय झाला होता. तो वेळीच ओळखला गेला, त्यांना इस्पितळात नेले गेले, आणि ते बरे झाले.

असेच एक उदाहरण पुण्याचे आहे. १९२४ च्या जानेवारीत येरवड्याचे कैदी असलेले महात्मा गांधी पोटदुखीने आजारी पडले. त्यांना ससून रुग्णालयात हलवून कर्नल मॅडॉक यांनी रात्री आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. मध्येच विजेचे दिवे गेले, तेव्हा कंदिलाच्या उजेडात ती पुरी करण्यात आली. ज्या सरकारने त्यांना सहा वर्षांची शिक्षा दिली होती त्याच सरकारच्या सर्जनाने त्यांचे प्राण वाचविले. तेव्हा कैद्याला उत्तम उपचार देता येतात, हे सिद्ध झालेलेच आहे. प्रश्न एवढाच उरतो की, ज्याचे नाव वर्तमानपत्रात येत नाही त्याला ते मिळतात काय?

येथे आम्हांला स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ती आमच्या मोठेपणाची नाही.

काही वर्षे आम्ही एका तुरुंगात आठवड्यातून एकदा रोगी तपासावयास जात असू. त्याचे नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. तेथे बावीस-तेवीस वर्षांचा एक तरुण होता. गाड्यांचे सुटे भाग चोरल्याचा आरोप, खटला उभा राहिलेला नाही, जामीनदार नाही. तो महिनाभर खोकत होता. बराकीत साठांच्या जागेत दीडशेच्या वर माणसे निजत. संध्याकाळी गिनती होऊन कुलूप पडले की ते थेट सकाळी उघडावयाचे. बाहेरच्या इस्पितळात न्यावयाचे तर सोबत पोलीस हवेत. ते दोन वेळा मिळाले नाहीत. अखेर थुंकी तपासून आली. क्षय होता. औषध सुरू झाले. क्षयाच्या औषधाचा गुण असा की, दोन-तीन आठवड्यांत खोकला उतरतो, भूक लागते, आणि दोन महिन्यांत रोगी म्हणतो, मला काही झालेलेच नाही. त्या मुलाचेही तसेच झाले. आम्हीही समाधान पावलो.

पुढच्या आठवड्यात गेलो तर तो नव्हता. जामीन झाला आणि संध्याकाळी सुटून गेला, असे कळले. आम्ही म्हणालो, “बरे झाले!” आणि पुढच्या रोग्याकडे वळलो.

आठ-नऊ महिन्यांनी एक बाई आमच्या दवाखान्यात आल्या. कडेवर चार वर्षांची नात, तिच्या मानेला गाठी. मागे तोच तरुण, हाडांचा सापळा होऊन उभा. गोळ्या संपल्या तेव्हा त्याने त्या सोडून दिल्या होत्या. कोठे मिळतात ते त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि तुरुंगातील औषध तुरुंगापुरतेच असते असा त्याचा समज होता. त्या माउली म्हणाल्या, “साहेब, पोरगा सुटून आला म्हणून आम्ही आळीत पेढे वाटले. त्याच्यासंगं हे बी घरात आलं, ते कुणी सांगितलं नाही बघा.”

ते कोणी सांगावयास हवे होते? आम्हीच. औषध सुरू केले त्याच दिवशी, ‘या रोग्याला अमुक औषध अमुक तारखेपासून चालू आहे, ते सहा महिने द्यावे’ अशी चिठ्ठी त्याच्या हाती देणे, त्याच्या घराजवळच्या सरकारी दवाखान्याला कळविणे, एवढेच करावयाचे होते. त्याला पाच मिनिटे लागली असती. नात बरी झाली. त्या तरुणाला दुसऱ्या खेपेस पुष्कळ अधिक दिवस औषधे घ्यावी लागली. तो वाचला, पण एक फुप्फुस कायमचे अधू झाले. त्या दिवसापासून चिठ्ठी दिल्यावाचून आम्ही एकाही कैद्याला औषध सुरू केले नाही. परंतु शहाणपणाची किंमत आमच्याऐवजी त्या मुलाने मोजली, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

क्षयाचे जंतू खोकल्याबरोबर हवेत उडतात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. उघड्या खिडकीने ते पांगतात, उन्हाने मरतात. तेव्हा क्षयाला काय हवे? गर्दी, अंधार, कोंदटपणा आणि अर्धपोटी माणसे. हे सारे आपण सरकारी खर्चाने एका जागी जमा करून ठेवतो! म्हणूनच जगभर तुरुंगातील क्षयाचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक आढळते. अर्धवट सोडलेल्या औषधाने जंतू मरत नाहीत, ते औषधाला दाद न देण्याइतके निर्ढावतात. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात रशियाच्या तुरुंगांत असा निर्ढावलेला क्षय इतका माजला की, जगातील आरोग्यतज्ज्ञांची झोप उडाली.

खरजेचे शास्त्र तर त्याहून सोपे आहे. बराकीतील एकालाच मलम दिले, तर तो आठ दिवसांनी पुन्हा खाजवीत येणार. सगळ्या बराकीला एकाच दिवशी औषध लावावयाचे, त्याच दिवशी सगळे कपडे-कांबळी गरम पाण्यात धुऊन कडकडीत उन्हात घालावयाची. हे केले की खरूज जाते. त्यासाठी विद्वत्ता लागत नाही. पाणी, साबण आणि दोरीवर वाळत घालावयास जागा लागते.

रक्तातून पसरणाऱ्या रोगांबद्दल बोलावयास लोक संकोचतात. एकच पाते दहा जणांच्या दाढीला फिरते; वेळ जात नाही म्हणून एकाच सुईने हातावर गोंदून घेतले जाते; नशेची सुईही कोठे कोठे फिरते. यातून काविळीचे काही प्रकार आणि एड्सचे विषाणू पसरतात. असे काही आमच्याकडे घडतच नाही, असे अधिकाऱ्याने म्हटले म्हणून विषाणू थांबत नाही. ज्याला सी प्रकारची कावीळ म्हणतात तिच्यावर आज दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांचा खात्रीचा उपाय आहे, आणि २०१८ पासून आपल्या देशाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तो फुकट मिळतो. एड्सच्या विषाणूवरील औषध नियमाने घेतले तर माणूस कामधंदा करीत पुष्कळ वर्षे जगतो. मग तपासणीची भीती कशाची? भीती असते ती बोभाट्याची. तपासणीचा निकाल रोगी आणि वैद्य यांच्यापुरता राहिला पाहिजे.

आणि कोविडचा काळ तर आपण सर्वांनीच सोसला आहे. २३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना आदेश दिला की, उच्चस्तरीय समित्या नेमून कोणाला तात्पुरते सोडता येईल ते ठरवा. मे महिन्यात मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात शंभरांहून अधिक कैद्यांना व कर्मचाऱ्यांना लागण झाल्याचे उघडकीस आले. जागा आठशेच्या आसपास माणसांची, आणि कोंडलेली माणसे अडीच हजारांहून अधिक! ‘दोन हात अंतर ठेवा’ हे तेथे कोणी कोणाला सांगावयाचे? त्यानंतर राज्यातील हजारो कैदी तात्पुरते सोडण्यात आले. यावरून एक गोष्ट आपल्या ध्यानात यावी. लागण झालेल्यांत पहारा करणारे शिपाईही होते. शिपाई रोज संध्याकाळी घरी जातो, मुलाला मांडीवर घेतो, वाण्याकडे उधारी चुकती करतो. कैद्याला भिंत ओलांडता येत नाही, पण हवा, शिपाई, वकील, भेटीला आलेली बायको आणि सुटून जाणारा माणूस हे सगळे ती रोज ओलांडतात.

मग करावयाचे काय? आमच्या अनुभवाने पाच गोष्टी सांगतो. पहिली, आत येणाऱ्याची पहिल्याच दिवशी खरीखुरी तपासणी. नोंदवहीतील रकाना भरण्यापुरती नव्हे. खोकला किती दिवसांचा, वजन घटले काय, कोणते औषध चालू आहे, हे विचारावयास दहा मिनिटे पुरतात. दुसरी, हवा, ऊन, पाणी आणि साबण. तिसरी, औषध तुटू न देणे. सुटतेवेळी हाती चिठ्ठी आणि महिन्याचे औषध असलेच पाहिजे, आणि गावच्या दवाखान्याला आधीच कळलेले असले पाहिजे. चौथी, तुरुंगाच्या वैद्याचा संबंध मुख्यतः आरोग्यखात्याशी असावा, म्हणजे रोग्याला बाहेर पाठवावे असे त्याने म्हटल्यावर ते ऐकले जाईल. आणि पाचवी, जी सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत अवघड आहे, ती म्हणजे गर्दी कमी करणे. जामिनाची पाच-दहा हजारांची रक्कम भरता येत नाही म्हणून माणूस आत सडत राहतो, तेव्हा त्यात केवळ न्यायाचा नव्हे, आरोग्याचाही प्रश्न गुंतलेला असतो.

आम्हांला नेहमी एक आक्षेप ऐकावा लागतो. प्रामाणिक गरिबाला धड औषध मिळत नाही, मग गुन्हेगाराचे लाड कशाला? हा आक्षेप घेणारा मनुष्य दुष्ट नसतो, त्याने प्रामाणिक गरिबाची हलाखी पाहिलेली असते. त्याला आमचे उत्तर असे. गरिबाला औषध मिळत नाही ही लाजेची गोष्ट आहे, आणि ती कैद्याला औषध नाकारून भरून निघत नाही. शिवाय गरीब मनुष्य निदान स्वतःच्या पायांनी दुसऱ्या दवाखान्यात जाऊ शकतो. कैद्याच्या दाराची किल्ली आपल्या हाती आहे. ज्याला आपण कोंडले त्याच्या श्वासाची जबाबदारी आपल्यावर येते. न्यायाधीशाने त्याचे स्वातंत्र्य काढून घेतले; क्षयाची शिक्षा कोणत्याही कलमात लिहिलेली नाही.

आपल्या या शहरातूनही काही करता येईल. तुरुंगांना भेट देण्यासाठी बिनसरकारी नागरिक नेमण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. हे पद मिरविण्याचे न मानता कोणी खरोखर आत जाऊन पाण्याचा नळ उघडून पाहील काय? वकिलांनी गरिबांच्या जामिनासाठी महिन्यातून एक दिवस द्यावा. डॉक्टरांनी सुटून आलेल्या माणसाला दवाखान्याच्या बाकावर इतरांसारखेच बसवावे. आणि आपण बाकीच्यांनी एवढेच करावे की, कोणी सुटून आपल्या आळीत परत आला तर त्याला ‘काय गुन्हा केला होतास’ असे विचारण्याआधी ‘प्रकृती कशी आहे’ असे विचारावे.

त्या माउलीने पेढे वाटले होते. पुढच्या वेळी आपल्या शहरातील एखाद्या घरात असे पेढे वाटले जातील, तेव्हा त्या मुलाच्या खिशात ती चिठ्ठी असावी, एवढीच आमची इच्छा आहे.